काखेतीतले मठ, क्वेव्रीतली वाइन आणि आम्हाला विकलेली सहल

जॉर्जियातल्या काखेतीची जाहिरात सध्या मराठी ग्रुपांमध्ये फिरते आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. काखेती म्हणजे त्या देशाचा पूर्वेकडचा भाग. उत्तरेला कॉकेशसची रांग, पायथ्याशी अलाझानी नदीचं खोरं, खोरंभर द्राक्षमळे आणि डोंगरउतारांवर दीड हजार वर्षांची परंपरा सांगणारे ख्रिस्ती मठ. जागा अप्रतिम आहे. तिथे जाऊ नका, असं मला अजिबात सांगायचं नाही. पण ‘प्राचीन मठ आणि द्राक्षप्रदेश’ या नावाने आम्हाला जी सहल विकली गेली, तिच्यात पावलोपावली पैसे काढले गेले. प्रत्येक थाप एखाद्या खऱ्या गोष्टीला बेमालूम जोडलेली होती, म्हणून ती पकडणं अवघड होतं. ते सांधे कुठे होते तेवढं सांगते.

आम्ही तिघं होतो. ताई, भाऊजी आणि मी. भाऊजींची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, त्यामुळे 8000 वर्षांपूर्वी जिथे वाइन केल्याचे पुरावे सापडले तो देश एकदा बघायचा, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. मी इतिहास शिकवते, मला ओढ राणी केतेवानची. ही काखेतीची राणी. धर्म सोडायला नकार दिला म्हणून 1624 मध्ये शिराझला शाह अब्बासच्या हुकमाने तिला हालहाल करून मारलं. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा काही भाग जुन्या गोव्याला आणून सेंट ऑगस्टिनच्या चर्चमध्ये ठेवला. त्या चर्चचा आता एक उंच पडका मनोराच काय तो उभा आहे. उत्खननात सापडलेल्या अस्थींची हैदराबादला डीएनए तपासणी झाली आणि जुलै 2021 मध्ये आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्यातला एक भाग राजधानी त्बिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. एजंटला हे सगळं पाठ होतं. त्याच्या पत्रकात ‘अलावेर्दी मठात राणी केतेवानच्या अवशेषांचं भारतीयांसाठी खास दर्शन’ अशी ओळच होती. अलावेर्दी हे काखेतीचं मुख्य कॅथेड्रल, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं.

एजंट मराठी, बोलायला गोड. “काकू, आपली माणसं, आपलं जेवण, तुम्ही फक्त बॅग भरा.” माणशी 1,45,000 रुपये, वर 5 टक्के टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने सरकारसाठी गोळा करायचा कर. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर, कारण कंपनीच्या खात्याची म्हणे मर्यादा संपली होती. बिल आलं ते व्हॉट्सॅपवर, फोटोच्या स्वरूपात. त्यावर जीएसटी क्रमांक होता. तो सरकारी पोर्टलवर टाकला की दोन मिनिटांत कळतं. हा क्रमांक भलत्याच कुणाच्या तरी कापड दुकानाचा निघाला. टीसीएसचंही तसंच. परदेश सहलीच्या पॅकेजवर तो घेतात हे खरं आहे, आणि घेणाऱ्याने तुमच्या पॅनवर तो सरकारकडे भरायचा असतो. भरलेला टीसीएस फॉर्म 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी नोंदीत दिसतो. आमच्या तिघांच्याही फॉर्ममध्ये त्याचा मागमूस नाही. म्हणजे कराच्या नावाखाली घेतलेले 21,750 रुपये सरळ खिशात गेले.

त्बिलिसीला उतरल्यावर एक तरुण स्थानिक गाइड आणि साठीतले एक ड्रायव्हर घ्यायला आले. गाइडला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. पहिल्याच सकाळी त्याने प्रवेश फीचे पैसे रोख मागितले. बोद्बे, अलावेर्दी, नेक्रेसी, दावित गारेजा, प्रत्येक ठिकाणचा दर वेगळा, 15 ते 25 लारी. लारी म्हणजे आपले तीस रुपयांच्या वर. आता खरं काय ते ऐका. हे चालते मठ आहेत, तिथे भिक्षू आणि भिक्षुणी राहतात, रोज प्रार्थना होते, आणि आत जायला तिकीट नाही. मेणबत्ती घ्यायची तर तिचे पैसे द्यायचे, वाटलं तर दानपेटीत टाकायचे. नेक्रेसीला पायथ्यापासून वर जायला छोटी बस आहे, तिचं किरकोळ तिकीट मात्र खरंच लागतं. गाइडने नेमकं तेच तिकीट आम्हाला दाखवलं आणि बाकी ठिकाणी ‘तिकीट माझ्याकडेच राहतं’ म्हणाला. बोद्बेला त्याने ताईला आणि मला डोक्याचा रुमाल आणि कमरेला गुंडाळायचं कापड 10 लारी भाड्याने दिलं. बायकांनी डोकं झाकायचं, पँट असेल तर वरून स्कर्टसारखं कापड बांधायचं, पुरुषांनी हाफ पँट घालायची नाही, हा नियम खराच आहे. पण अशी कापडं तिथे दाराजवळच्या पेटीत ठेवलेली असतात, कुणीही उचलावी आणि जाताना परत ठेवावी. ती पेटी आम्हाला बाहेर पडताना दिसली. ज्या संत निनोने चौथ्या शतकात या देशात ख्रिस्ती धर्म आणला, तिची समाधी बोद्बेला आहे. तिच्यासमोर उभं राहून माझ्या डोक्यात भाड्याच्या रुमालाचा हिशोब चालू होता, याचा मला आजही राग येतो.

दावित गारेजाला त्याने सगळ्यात मोठा हात मारला. सहाव्या शतकात संत दावितने स्थापलेला हा मठ अझरबैजानच्या सीमेवर, उजाड माळरानात, खडक कोरून केलेला आहे. खालचा भाग लावरा. डोंगरधारेपलीकडे उदाब्नो, तिथल्या गुहांमध्ये मध्ययुगीन भित्तिचित्रं आहेत. सीमेच्या वादामुळे उदाब्नोचा भाग 2019 मध्ये पर्यटकांना बंद झाला आणि आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता. गाइडने मात्र ‘स्पेशल परमिट’ म्हणून माणशी 100 लारी आदल्या रात्रीच घेतले होते. वाटेवर सीमा रक्षकाने हातानेच परत फिरा म्हणून खूण केली. गाइड म्हणाला, आज वरिष्ठ नाहीत, आणि पैसे काही परत देता येत नाहीत. मला त्या रक्षकाच्या चेहऱ्यावर नवल दिसलं नाही. अशी माणसं त्याच्यासमोर रोज येत असावीत.

अलावेर्दीला सगळं उघडं पडलं. सध्याचं कॅथेड्रल अकराव्या शतकातलं, पन्नास मीटरहून उंच. त्बिलिसीचं सामेबा कॅथेड्रल होईपर्यंत देशातलं सगळ्यात उंच हेच. आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. गाइडने ‘खास दर्शना’चे माणशी 60 लारी घेतले आणि एका मूर्तिचित्रासमोरच्या मेणबत्त्यांकडे बोट दाखवून ‘हीच राणी’ म्हणाला. नशिबाने तिथे दोन मराठी मुलं भेटली, त्बिलिसीत डॉक्टरकी शिकणारी. त्यातला एक लातूरचा. त्याला जॉर्जियन चांगलं येत होतं. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईंना त्याने विचारलं आणि वळून म्हणाला, “काकू, इथे दर्शनाचे पैसे कुणीच घेत नाही म्हणतात त्या. आणि हे चित्र राणीचं नाहीच, दुसऱ्या संतांचं आहे.” बाईंनी आमच्याकडे पाहून मान हलवली आणि एक मेणबत्ती ताईच्या हातात ठेवली, पैसे न घेता. गाइड तोवर फोन कानाला लावून बाहेर गेला होता.

आता वाइनबद्दल, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथे गेली. क्वेव्री म्हणजे मातीचा अंड्याच्या आकाराचा मोठा रांजण. आतून मेण लावलेला, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. द्राक्षाचा रस साल, बिया आणि कधी देठांसकट त्यात घालतात, आंबण्याची उकळी बसली की झाकण मातीने लिंपून पाच-सहा महिने ठेवतात. 2013 मध्ये युनेस्कोने ही पद्धत अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. अलावेर्दीचे भिक्षूही अशीच वाइन करतात. आम्हाला नेलं ते रस्त्यालगतच्या एका ‘पारंपरिक कौटुंबिक तळघरात’. विटांच्या कमानी, भिंतीवर मेंढीची कातडी, जमिनीत क्वेव्रीची तोंडं. मालकाने सांगितलं, ही वाइन 20 वर्षं क्वेव्रीत मुरली आहे, मठातल्या भिक्षूंच्या देखरेखीखाली. भाऊजींनी एका क्वेव्रीचं झाकण सरकवून हात आत घातला. मनगटापर्यंत गेला आणि बोटं सिमेंटला टेकली. नुसतं तोंडाचं कडं बसवलेलं होतं. शेजारी मळ्यात काढणीनंतर राहिलेले घड होते. मालक म्हणत होता, हीच सपेरावी. सपेरावी ही जगातल्या त्या मोजक्या द्राक्षांपैकी आहे जिचा गरसुद्धा लाल असतो, तिचा मणी चिरडला की बोटं रंगतात. भाऊजींनी तिथल्या तिथे मणी दाबून मला दाखवला. रस पाण्यासारखा. “हे सपेरावी नाही,” ते मराठीतच म्हणाले, “आणि ग्लासातली गोडी साखरेची आहे.”

पण ताई तोवर बारा बाटल्यांचे पैसे देऊन बसली होती. बाटली 55 लारीची, शिवाय ‘कर भरून नाशिकला घरपोच’ म्हणून 400 लारी, सगळं रोख, कारण कार्डाचं मशीन बंद होतं. एकूण 1,060 लारी, म्हणजे तीस हजारांच्या वर. खोकं आजतागायत आलेलं नाही आणि येणारही नाही. भारतात येताना माणशी 2 लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, तेही स्वतःच्या सामानातून. परदेशातून कुरियरने वाइन मागवायची तर दीडशे टक्क्यांच्या घरातला सीमाशुल्क आणि राज्याच्या परवान्याचा प्रश्न उभा राहतो. चारशे लारीत कुठलाही दुकानदार हे करून देऊ शकत नाही. कुणी ‘घरपोच’ म्हणाला की तिथेच थांबा.

परतीच्या आदल्या दिवशी गाइड आलाच नाही. ड्रायव्हर मात्र आले. लातूरच्या त्या मुलाने फोनवर दुभाष्याचं काम केलं, तेव्हा कळलं की त्यांनाही निम्मेच पैसे मिळाले होते आणि त्या दुकानातून प्रत्येक बाटलीमागे गाइडला वाटा होता. त्यांनी आपणहून आम्हाला तेलावीजवळच्या एका खेड्यात ओळखीच्या घरी नेलं. त्या घरच्या मारानीत, म्हणजे वाइनच्या खोलीत, कमानी नव्हत्या, कातडी नव्हती. लादीत पुरलेल्या पाच-सहा तोंडांवर दगडी झाकणं. सुगी नुकतीच संपली होती. घरच्या बाईंनी एक झाकण बाजूला केलं तर आत सालींचा जाड थर वर आला होता आणि खालून बारीक सळसळ ऐकू येत होती. लांब दांड्याने त्या तो थर दिवसातून अनेकदा खाली दाबतात. भाऊजी गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ बघत राहिले, मग त्यांनी दांडा मागून घेतला. मागच्या वर्षीची र्कात्सितेली आम्हाला दिली. पांढऱ्या द्राक्षाची, पण सालीबरोबर राहिल्यामुळे मधाच्या रंगाची, चहासारखी तुरट. तोनेतली, म्हणजे तिथल्या तंदूरमधली गरम रोटी, चीज, अक्रोड घातलेली वांगी असं जेवण झालं. या सगळ्याचे त्यांनी जे पैसे घेतले ते त्या दुकानातल्या दोन बाटल्यांइतकेही नव्हते.

घरी आल्यावर आम्ही केलं ते असं. यूपीआयचे पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करायची असते. उशीर झाला की खात्यातली रक्कम पुढे सरकलेली असते. आमच्या बाबतीत सरकलीच होती, तरी तक्रार क्रमांक पुढे कामी आला. मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, एजंटने दाद दिली नाही, तेव्हा नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आपण दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकिलाशिवायही चालतं. व्हॉट्सॅपचं सगळं संभाषण, पत्रक, बिलाचा तो फोटो, 26एएसची प्रत आणि त्या मुलाचं लेखी निवेदन जोडलं आहे. एजंटला नोटीस निघाली आहे. गाइडने आणि दुकानाने रोख घेतलेले पैसे परत मिळतील असं मला वाटत नाही, कारण त्यांची एकही पावती नाही.

गेल्या महिन्यात तीच जाहिरात मला पुन्हा आली. नाव वेगळं, फोन वेगळा, अलावेर्दीचा फोटो तोच आणि राणी केतेवानची ओळही शब्दशः तीच. या वेळी आर्मेनियातले मठही जोडले आहेत. मी तिचा स्क्रीनशॉट आयोगातल्या कागदांना जोडला. तुम्हाला ती आली असेल तर पैसे भरण्याआधी जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासा, कंपनीच्याच खात्याचा आग्रह धरा आणि कोणत्या ठिकाणी किती प्रवेश फी आहे हे लेखी मागा. पैसे भरून झाले असतील तर 26एएस आजच उघडून बघा, आणि आमच्यासारखंच घडलं असेल तर आपापल्या जिल्ह्यात तक्रार दाखल करा. एकाच पत्रकावर दोन-तीन जिल्ह्यांतून तक्रारी आल्या तर हा एक गैरसमज होता असं एजंटला म्हणता येणार नाही.