रास्पबेरी पायचा म्युझिक प्लेअर: झाकलेल्या पोर्टांसह काही महिने

दिवाळीत घेतलेला हा प्लेअर तेव्हापासून रोज वाजतो आहे. एका छोट्या उत्पादकाकडून तयार घेतलेला अ‍ॅल्युमिनियमचा डबा, आत रास्पबेरी पाय ४ म्हणजे एका बोर्डावरचा छोटा संगणक, त्यावर बसवलेला डॅकचा (डिजिटल फाइलचा आवाजाचा सिग्नल करणारा) बोर्ड, मागे आवाजाच्या वायरींसाठी दोन आरसीए. आवाजाबद्दल पहिल्या आठवड्यातच समाधान झालं आणि ते टिकलं आहे. लिहायचं आहे ते न वापरलेल्या भागांबद्दल, कारण उत्पादकाने पत्र्याआड ठेवलेल्या काही गोष्टींमुळेच हा डबा आमच्या घरात नीट नांदतो आहे. काही मात्र झाकलेल्याच बऱ्या.

पाय ४ वर चार यूएसबी असतात, दोन निळे ३.० चे आणि दोन काळे २.० चे. शिवाय गिगाबिट इथरनेट, दोन मायक्रो एचडीएमआय, ३.५ मिमीचा जॅक, कॅमेरा आणि स्क्रीनच्या पट्ट्यांसाठी खाचा, आणि बाहेरचे बोर्ड, बटणं जोडायला ४० पिनांची रांग. माझ्या डब्यातून बाहेर दिसतात ते फक्त इथरनेट, काळी जोडी आणि पॉवरचं टाइप-सी. निळी जोडी झाकलेली.

झाकण काढल्यावर आधी डॅक बघितला आणि खरंच आनंद झाला. त्यावर वेळेचा ठोका देणारे दोन वेगळे क्रिस्टल आहेत, २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे. पहिला ४४.१ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) घराण्यासाठी, म्हणजे सीडीसाठी. दुसरा ४८, ९६, १९२ साठी. पाय ४ चा स्वतःचा क्रिस्टल ५४ मेगाहर्ट्झचा, त्याला भागून ४४.१ चा ठोका नेमका येत नाही, जुळवाजुळव करावी लागते. इथे ठोका डॅक देतो आणि पाय त्यामागे चालतो. असा प्लेअर घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा. कोपऱ्यातल्या ३.५ च्या जॅकचा या डॅकशी संबंध नाही. तो आवाज पायच्या चिपमधून पल्स पद्धतीने निघतो आणि फार साधा असतो. तो झाकला हे योग्यच केलं.

निळी जोडी झाकायला मात्र नको होती. गाणं वाजवायला तिची गरज नाही हे मान्य. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट, २४ बिट १९२ किलोहर्ट्झची फाइल झाली तरी ९.२ मेगाबिट, यूएसबी २.० ला ते काहीच नाही. पण इथे वळवाच्या पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि लिहिणं चालू असताना लाइट गेली की मेमरी कार्डावरची फाइल सिस्टीम बिघडू शकते. बूटलोडर (सुरू होताना आधी चालणारा प्रोग्राम) अद्ययावत असेल तर पाय ४ थेट यूएसबीवरून सुरू होतो. मी पत्रा कापून निळ्या पोर्टला छोटी एसएसडी लावली. सिस्टीमही तिच्यावर आणि आप्पांच्या सीड्यांवरून केलेल्या फ्लॅक फाइलीही (दर्जा न घटवता लहान केलेल्या). कार्डाची खाच आता रिकामी आहे. चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअरच देतात, म्हणून जास्त वीज खाणारी फिरती हार्ड डिस्क लावायची तर तिला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर हवा.

एक सूचना. यूएसबी ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि वायफाय अडखळतं. मी इथरनेटची वायर ओढली आणि वायफाय, ब्लूटूथ दोन्ही सेटिंगमधून बंद केले.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो पिनांना. डॅक आवाजासाठी १२, ३५ आणि ४० या पिना घेतो, व्हॉल्यूमच्या नियंत्रणासाठी ३ आणि ५. बाकी बऱ्याच मोकळ्या, आणि डॅकच्या कडेला त्यांची भोकंही दिलेली. पिन ११ वर बंद करायचं बटण लावलं. बंद झालेला पाय पुन्हा सुरू करायला पिन ५ ग्राउंडच्या पिनेला टेकवायची असते, पण ती डॅककडे अडकलेली. त्यावर उपाय बोर्डावरच आहे. ‘रन’ असं छापलेली भोकं आहेत, तिथे दोन वायरी सोल्डर करून दुसरं बटण बसवलं. चालू असताना ते दाबलं तर पाय तडक रीसेट होतो, म्हणून ते मागच्या बाजूला, सहज हात जाणार नाही असं.

आप्पांना मोबाइलवरून गाणी लावणं जमत नाही आणि त्यांनी ते शिकावं असा माझा आग्रहही नाही. त्यांच्यासाठी रिमोटचा सेन्सर लावला. दुकानात बहुधा टीएसओपी १७३८ पुढे करतात, तो ५ व्होल्टवरचा. पायच्या पिनांना ३.३ व्होल्टच्या वर चालत नाही, जास्त दिलं तर चिप जाते. टीएसओपी ३८२३८ घ्या, तो २.५ ते ५.५ व्होल्टवर चालतो. जुन्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट आता भीमसेनजींपासून मल्लिकार्जुन मन्सूरांपर्यंत सगळं फिरवतो. “हे बरं केलंस बघ,” आप्पा म्हणाले, आणि माझ्या दृष्टीने या डब्याची निम्मी किंमत तिथेच वसूल झाली.

आता उन्हाळा. पाय ४ ची चिप ८० अंशांवर गेली की आपला वेग आपणच कमी करते. गाणी वाजवायला ताकद कमी लागते, तरी मे महिन्यातल्या दुपारी, बंद डब्यात, आकडा ७० च्या पुढे जायचा. मागच्या रिकाम्या खाचा उघडल्यावर फरक लगेच दिसला. पण आम्ही गावाच्या पूर्व भागात राहतो, शेजारी यंत्रमाग चालतात, आणि रुईचे बारीक तंतू कुठेही शिरतात. पंधरवड्यातच निळ्या पोर्टात रुई दिसली. मग रिकाम्या पोर्टांना सिलिकॉनची टोपणं घातली आणि खाचांना आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवली. हवा खेळते, रुई अडते. जाळी महिन्यातून एकदा ब्रशने झाडावी लागते. गावात जिथे माग आहेत तिथल्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगेन.

एचडीएमआय आणि कॅमेऱ्याची खाच यांना हात लावला नाही, गरजच नाही. स्क्रीनच्या खाचेत पुढेमागे छोटा टच स्क्रीन बसेल, पण त्यासाठी दर्शनी पत्रा कापावा लागेल आणि तो फार देखणा आहे.

उत्पादकाबद्दल तक्रार एकच, पण मोठी: कोणत्या पिना मोकळ्या आहेत याचा सोबतच्या कागदावर अक्षरही नाही, आणि झाकणाच्या स्क्रूवर ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असं स्टिकर. ज्याच्या आत ४० पिनांचा बोर्ड आहे ती वस्तू उघडण्यासाठीच असते. घेण्याआधी पिनांचा तक्ता लेखी मागा, आणि झाकण उघडलं तर वॉरंटी राहील का हेही लिहून घ्या.