मस्टँग विकताना माझे २,९०० डॉलर गेले, ते असे

मागच्या वर्षी मी माझी १९६६ ची फोर्ड मस्टँग विकायला काढली आणि त्या व्यवहारात फसलो. इथे कॅलिफोर्नियात आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हौसेने जुन्या अमेरिकन गाड्या सांभाळल्या आहेत. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून जे घडलं ते सगळं लिहितोय.

गाडी मी १९९८ साली शेजारच्या एका आजोबांकडून घेतली. दोन दारांची, गडद निळी, २८९ घनइंचाचं व्ही-एट इंजिन. बॉनेट उघडलं की आतल्या पत्र्यावर नंबर कोरलेला दिसतो, तो ६आर०७सी ने सुरू होतो. ६ म्हणजे १९६६, आर म्हणजे फोर्डचा सॅन होजेचा कारखाना, ०७ म्हणजे कूप आणि सी म्हणजे हे इंजिन. कारखाना प्रत्यक्षात मिलपिटासला होता. १९८३ साली तो बंद पडला आणि पुढे त्याच इमारतीत मोठा मॉल झाला. आमच्या घरापासून तो पंधरा मिनिटांवर आहे, म्हणजे ही गाडी माहेरापासून कधी लांब गेलीच नाही. कार्ब्युरेटरच्या गॅस्केटपासून टायरपर्यंत प्रत्येक पावती मी फाइलला लावलेली. आता गुडघे साथ देईनात, शिवाय लहान घरात जायचं ठरलं, म्हणून जाहिरात दिली. किंमत लावली २४,५०० डॉलर.

पहिल्या आठवड्यात जे लोक आले त्यांनी मला अगदी हैराण केलं. एकाने फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांवरून फिरवलं, पुटी भरली आहे का बघायला. दुसरा म्हणाला, काचेखालच्या जाळीत पाणी ओतून बघू का? या मस्टँगचं ते खरं दुखणं. त्या जाळीखालचा पत्रा गंजला की पाणी आत, पायाशी टपकतं. पण मला त्याचा राग आला. सव्वीस वर्षं जपलेल्या गाडीवर हा संशय घेतो! मी नाही म्हटलं आणि तो निघून गेला.

त्याच संध्याकाळी आणखी एका माणसाचा मेसेज आला. आपण दुसऱ्या राज्यात असतो, कामामुळे यायला जमणार नाही, पण फोटो पाहूनच गाडी कशी ठेवली आहे ते कळतं, असं त्याने लिहिलं होतं. घासाघीस नाही. गंज, इंजिन, गिअरबॉक्स, कशाबद्दल एक प्रश्न नाही. त्याने फक्त टायटलचा, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदाचा, फोटो मागितला, ‘कागद तयार करायला’, आणि मी तो पाठवला. त्यावर माझं नाव होतं, पत्ता होता, सगळं होतं. नंतर ते मेसेज पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आलं की त्याने एकदाही ‘मस्टँग’ हा शब्द लिहिला नव्हता. प्रत्येक ठिकाणी ‘आयटम’. तेच मेसेज तो सोफा विकणाऱ्यालाही पाठवत असणार. तेव्हा मला ते खटकलं नाही. कोणीतरी माझ्या शब्दावर विश्वास ठेवतोय, याचंच बरं वाटलं.

चार दिवसांनी कुरियरने कॅशियर्स चेक, म्हणजे बँक स्वतःच्या हमीवर देते तो चेक, आला, २७,४०० डॉलरचा. जाड कागद, वॉटरमार्क, एका परराज्यातल्या बँकेचं नाव. मागोमाग मेसेज: ऑफिसातल्या बाईने चुकून गाडी नेणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याचे पैसेही त्यातच घातले, तर वरचे २,९०० तुम्हीच बँकेतून थेट त्याच्या खात्यात वायर करा, म्हणजे तो शुक्रवारी ट्रेलर घेऊन येईल. बायको म्हणाली, “अहो, ज्याला चोवीस-पंचवीस हजारांची गाडी न बघता घेता येते, त्याला ट्रकवाल्याचे पैसे स्वतः देता येत नाहीत?” मी म्हटलं, चेक बँकेत टाकू, पैसे आले की मगच पाठवू. मला वाटलं, एवढी काळजी पुरे.

पुरे नव्हती. पुढचा भाग नीट वाचा.

मंगळवारी काउंटरवर जाऊन चेक भरला. कॅशियर्स चेक असा भरला की फेडरल नियमाप्रमाणे त्यातली सुरुवातीची काही हजारांची रक्कम बँकेला पुढच्याच कामकाजाच्या दिवशी काढू द्यावी लागते. बुधवारी खात्यात पैसे दिसले. मी फोन केला, तर बँकेतली मुलगी म्हणाली, रक्कम उपलब्ध आहे. मी समजलो, चेक वटला. या दोन गोष्टी एक नाहीत. उपलब्ध म्हणजे बँकेने तुम्हाला उचलू दिलेली रक्कम. चेक ज्या बँकेच्या नावाने आहे तिने तो खरा म्हणून पैसे दिले, तरच वटला म्हणायचं. बनावट चेक परत यायला कधी कधी आठवडे लागतात आणि तोवर तुम्ही त्यातून जे काढलं ते तुमच्याच अंगावर येतं. मी बुधवारी दुपारी २,९०० वायर केले.

शुक्रवारी ट्रेलर आला नाही. ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन बंद. पुढच्या गुरुवारी बँकेचं पत्र आलं: चेक बनावट, पूर्ण रक्कम खात्यातून वळती केली. वायर केलेले पैसे केव्हाच दुसरीकडे गेले होते. पहिल्या दिवशीच कळवलं असतं तर ते थांबवायची थोडी तरी शक्यता होती. पोलिसांत तक्रार दिली, एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्रातही ऑनलाइन नोंदवली. पैसे परत आले नाहीत.

चेक मी पुन्हा हातात घेऊन पाहिला. त्यावर छापलेला बँकेचा फोन नंबर त्या बँकेचा नव्हताच. तो नंबर फिरवला असता तर त्यांच्यातल्याच कोणीतरी ‘हो, चेक खरा आहे’ म्हणून सांगितलं असतं. नंबर बँकेच्या वेबसाइटवरून आपण शोधायचा, चेकवरचा कधीच नाही.

याच काळात आणखी एकाने मला एक लिंक पाठवून गाडीचा इतिहास-अहवाल विकत घ्यायला सांगितलं होतं. तीही फसवणूकच. असे अहवाल गाडीच्या सतरा अक्षरी नंबरावर निघतात आणि तो नंबर १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. आपल्या जुन्या छोट्या नंबरावर असा अहवाल सहसा निघत नाही.

मला वाटलं, प्रकरण इथे संपलं. तीन आठवड्यांनी एका शनिवारी दारात एक पोरगेला मुलगा उभा. फ्रेझ्नोहून पहाटे निघून आला होता. हातात जाहिरातीचा छापलेला कागद, त्यावर माझी गाडी, माझेच फोटो, किंमत १३,८०० डॉलर. फोटोच्या कोपऱ्यात आमची तुळशीची कुंडी दिसत होती. तो कधी कागदाकडे बघत होता, कधी माझ्यामागच्या कुंडीकडे. त्याने हजार डॉलर आगाऊ पाठवले होते आणि पुरावा म्हणून त्याला जो टायटलचा फोटो मिळाला होता तो मी पाठवलेलाच. पत्ता त्याने त्यावरूनच शोधला. मी त्याला आत बसवून माझ्याकडची सगळी कागदपत्रं दाखवली. “सर, मग ही गाडी विकायची नाहीच का?” एवढंच तो विचारत राहिला. माझ्या २,९०० पेक्षा त्याचे ते हजार मला आजही जास्त टोचतात.

गाडी शेवटी दोन महिन्यांनी गेली, एका निवृत्त मेकॅनिककडे, २३,००० ला. आम्ही दोघं त्याच्या बँकेत गेलो, चेक माझ्यासमोर छापला गेला आणि काउंटरवरच्या बाईने तो थेट माझ्या हातात दिला. पिंक स्लिपवर, म्हणजे त्याच टायटलवर, सही मी त्यानंतर केली आणि मालकी सोडल्याची सूचना डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या वाहन खात्याच्या, साइटवर तिथेच बसून भरली. इथे ती पाच दिवसांत द्यावी लागते.

त्याआधी त्या गृहस्थाने आमच्या ड्राइव्हवेवर दोन तास गाडी तपासली होती. चुंबक फिरवलं, खाली आडवा होऊन टॉर्च मारला. मग काहीसा संकोचून म्हणाला, काचेखालच्या जाळीत पाणी ओतून बघितलं तर चालेल का? मी आत गेलो आणि तांब्या भरून घेऊन आलो.