ऑनलाइन मिळणारा ‘सर्व्हिस डॉग नोंदणी संच’ : जॅकेट चांगले, कागद निरुपयोगी

अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ‘सर्व्हिस डॉग नोंदणी संचा’विषयी हा अभिप्राय आहे. सर्व्हिस डॉग म्हणजे अपंग व्यक्तीला मदत करायला शिकवलेला कुत्रा. असे संच विकणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत आणि त्यांचा माल जवळपास सारखाच असतो, म्हणून कोणा एकीचे नाव घेत नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहणाऱ्या माझ्या भाचीने आपल्या कुत्र्यासाठी हा संच मागवला होता. घरमालकाला पाठवण्याआधी “मावशी, यातले कागद एकदा वाचून दे” असे म्हणत तिने तो माझ्याकडे आणून दिला आणि मी तो आतबाहेर नीट तपासला.

खोक्यात लाल रंगाचे जॅकेट, त्यावर चिकटवायच्या दोन पट्ट्या, कुत्र्याचा फोटो असलेले ओळखपत्र, चौकटीत लावण्याजोगे प्रमाणपत्र आणि दुकानदारांना दाखवण्यासाठी छापलेल्या छोट्या कार्डांचा गठ्ठा निघाला. जॅकेटमध्ये खोट काढावी असे काही नाही. कापड जाड नायलॉनचे, शिलाई दुहेरी, पाठीवर पकडायला मूठ आणि दोन्ही बाजूंना अंधारात चमकणारी पट्टी आहे. पोटाखालचा बक्कल कुत्र्याच्या केसांत अडकू नये म्हणून त्याच्यामागे मऊ कापडाचा तुकडाही लावलेला आहे. ज्याच्याजवळ खरोखर प्रशिक्षित कुत्रा आहे त्याला असे जॅकेट उपयोगी पडेल.

मात्र ८० डॉलरच्या आसपास जी किंमत मोजावी लागते ती मुख्यतः ओळखपत्र, प्रमाणपत्र आणि कंपनीच्या तथाकथित राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक यांच्यासाठी असते, आणि कायद्याच्या लेखी या तिन्हींना कवडीचीही किंमत नाही. अर्जात कुत्र्याचे नाव, जात, वजन आणि फोटो एवढेच मागितले होते. कुत्रा कोणी पाहिला नाही, तो कोणते काम शिकला आहे हे विचारले नाही, मालकाला कोणती अडचण आहे याचीही चौकशी केली नाही. पैसे भरल्याबरोबर क्रमांक आला.

२६ जुलै १९९० रोजी संमत झालेल्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यानुसार सर्व्हिस डॉगसाठी कोणतीही सरकारी नोंदवही नाही, परवाना नाही आणि जॅकेटची सक्तीही नाही. अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी एखादे ठरावीक काम करायला शिकवलेला कुत्रा म्हणजे सर्व्हिस डॉग. मार्च २०११ पासून लागू झालेल्या नियमांनी ही व्याख्या कुत्र्यांपुरती मर्यादित केली, आणि लहान जातीच्या प्रशिक्षित घोड्यांसाठी तेवढी वेगळी तरतूद ठेवली. रस्ता दाखवणे, खाली पडलेली वस्तू उचलून देणे, दारावरची घंटा ऐकू न येणाऱ्याला ती वाजल्याची खूण देणे, रक्तातली साखर उतरू लागली की सावध करणे, भीतीचा झटका येऊ लागल्यावर शिकवल्याप्रमाणे अंगावर भार देऊन तो शमवणे, ही सगळी कामे झाली. नुसत्या सहवासाने मनाला धीर देणारा कुत्रा, ज्याला इकडे इमोशनल सपोर्ट डॉग म्हणतात, या व्याख्येत बसत नाही. त्याचा आधार खोटा आहे असा याचा अर्थ नव्हे, पण हॉटेलात, दुकानात किंवा सिनेमागृहात त्याला आत नेण्याचा हक्क हा कायदा देत नाही.

कुत्रा कशासाठी आहे हे उघड दिसत नसेल, तर दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात. अपंगत्वामुळे या कुत्र्याची गरज आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? आजार कोणता, कागद कुठे आहेत, ते काम आत्ता करून दाखवा, असे काहीही विचारता येत नाही. संचातली छोटी कार्डे मात्र ‘नोंदणीकृत’ कुत्र्याला प्रवेश देणे बंधनकारक आहे असे ठसठशीत अक्षरांत सांगतात, त्यामुळे वाचणाऱ्या दुकानदाराचा समज असा होतो की नोंदणी असते, ती तपासायची असते आणि ओळखपत्र नसेल तो कुत्रा खोटा. या संचातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे, कारण तिची झळ खरेदी करणाऱ्याला न लागता भलत्याच माणसाला लागते.

ती कशी लागते हे मी सनीवेलच्या एका दाक्षिणात्य उपाहारगृहात पाहिले आहे. माझे एक ज्येष्ठ सहकारी मधुमेहामुळे दृष्टी गमावून बसले आहेत. त्यांचा पिवळसर लॅब्रेडॉर सॅन राफाएलच्या ‘गाइड डॉग्ज फॉर द ब्लाइंड’ या संस्थेने दिलेला आहे. ही संस्था १९४२ पासून हे काम करते आणि कुत्रा, प्रशिक्षण व नंतरची मदत यांतल्या कशाचेही पैसे अंध व्यक्तीकडून घेत नाही. दारातच व्यवस्थापकाने त्यांच्याकडे कुत्र्याचे ‘कार्ड’ मागितले. असे कार्ड त्यांच्याजवळ असण्याची गरजच नव्हती. हार्नेसची, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर बांधलेल्या पट्ट्यांची, मूठ डाव्या हातात धरून ते शांतपणे कायदा समजावत उभे राहिले, आणि आमच्या मागून आलेली माणसे एकेक करून आत जाऊन बसली. व्यवस्थापक मनाने वाईट नव्हता. थोड्याच दिवसांपूर्वी असेच लाल जॅकेट घातलेला आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक कुत्रा खुर्चीवर चढून शेजारच्या टेबलावरच्या ताटाला तोंड लावून गेला होता, आणि त्याच्या मालकिणीने कार्ड पुढे केल्यामुळे आपल्याला काही बोलता येत नाही अशी त्याची समजूत झाली होती.

वास्तविक त्याला बोलता आले असते. कुत्रा ताब्यात राहत नसेल आणि मालक त्याला आवरत नसेल, किंवा तो आत घाण करत असेल, तर खऱ्या सर्व्हिस डॉगलाही बाहेर न्यायला सांगता येते. फक्त त्या व्यक्तीला कुत्र्याशिवाय येऊन जेवण्याची मुभा द्यावी लागते. कुत्र्याला खुर्चीवर बसवणे किंवा टेबलावरून भरवणे हेही हॉटेलने चालवून घेतलेच पाहिजे असे नाही. हे नियम त्या व्यवस्थापकाला माहीत असते, तर त्या दिवशी खुर्चीवरचा कुत्रा बाहेर गेला असता आणि माझ्या सहकाऱ्यांना दारात ताटकळावे लागले नसते.

आत बसल्यावर त्यांच्या कुत्र्याने जे केले ते कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा बोलके होते. तो टेबलाखाली शिरला, एकदा वळला, मागचा भाग भिंतीला टेकवून बसला आणि वाढप्याच्या पायाखाली येऊ नये म्हणून शेपटी अंगाशी ओढून घेतली. माझ्या हातून सांबारात बुडवलेल्या वड्याचा तुकडा त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर पडला. त्याने डोळे तेवढे तिकडे वळवले आणि हनुवटी पुन्हा पंज्यांवर टेकवली. एवढी शिस्त अंगी यायला दीड-दोन वर्षे लागतात. आधी पिल्लाला स्वयंसेवक कुटुंब वाढवते आणि मग प्रशिक्षक त्याच्यावर काही महिने मेहनत घेतात. ८० डॉलर भरून मिळणारा क्रमांक या मेहनतीच्या शेजारी उभा केला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इथे आपल्या मराठी मंडळींविषयीही लिहिले पाहिजे, कारण गणपतीच्या कार्यक्रमाला किंवा दिवाळी पहाटेला असा कुत्रा घेऊन कोणी आले की आपल्याकडून होणारी गडबड मी जवळून पाहिली आहे. मुले ‘यू यू’ करून त्याला बोलावतात, आजी प्रेमाने लाडवाचा तुकडा पुढे करतात, आणि पुण्याहून महिन्याभरासाठी आलेले एखादे काका त्याच्या डोक्यावर हात फिरवत मालकालाच विचारतात, “तुम्हाला नक्की काय झालंय हो?” यातले काहीही वाईट हेतूने केलेले नसते. पण हार्नेस घातलेला कुत्रा त्या वेळी कामावर असतो. त्याला हाक मारली, त्याच्याशी नजर मिळवली किंवा खाऊ दाखवला, की त्याचे लक्ष क्षणभर उडते, आणि तो क्षण नेमका पायरीपाशी आला तर माणूस पडतो. म्हणून बोलायचे ते माणसाशी, कुत्र्याशी नाही. मदत करायची असेल तर आधी विचारावे, हार्नेसला किंवा पट्ट्याला हात लावू नये. कुत्रा बहुधा डावीकडून चालतो, त्यामुळे आपण उजव्या बाजूने जाऊन, त्यांनी हो म्हटल्यास, आपला कोपर पुढे करावा. माणूस धडधाकट दिसतो म्हणून कुत्रा खोटा असे मानू नये, कारण अपस्मार किंवा मधुमेह चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. आणि एखादा असा कुत्रा मालकाशिवाय एकटाच आपल्याजवळ येऊन ढोसू लागला तर त्याला हाकलू नये, त्याच्या मागे जावे, कारण मालकाला मदतीची गरज असण्याची शक्यता असते.

ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते किंवा ॲलर्जी आहे, त्यांनी मोकळेपणाने दूरचे टेबल मागावे. त्या कारणावरून कुत्र्याला बाहेर काढता येत नाही, मात्र दोघांचीही सोय पाहणे हॉटेलचे काम आहे. एक बारीकसा मुद्दा मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी: धार्मिक संस्थांना हा संघराज्याचा कायदा लागू होत नाही. म्हणून मंदिराच्या सभागृहात कार्यक्रम असेल तर तिथल्या विश्वस्तांशी आधीच बोलून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी पाहुण्याला दारात थांबवण्याची वेळ येणार नाही.

कुत्र्याला मनसोक्त गोंजारायचे असेल तर सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर २०१३ पासून ‘वॅग ब्रिगेड’ आहे. तिथल्या कुत्र्यांच्या जॅकेटवर मला गोंजारा असा मजकूरच लिहिलेला असतो, आणि २०१६ पासून तर त्यांच्यात लिलू नावाची एक डुकरीणही दाखल झाली. ते थेरपी प्राणी आहेत, तिसराच प्रकार. ते सर्वांना आनंद देण्यासाठी विमानतळाने बोलावलेले असतात, त्यांना इतरत्र शिरण्याचा विशेष हक्क नसतो.

विमानप्रवासाबाबत संचातले पत्रक सरळसरळ जुने आहे. इमोशनल सपोर्ट कुत्र्याला केबिनमध्ये फुकट नेता येईल असे त्यात लिहिले आहे. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एका प्रवासी महिलेला आधाराचा प्राणी म्हणून आणलेल्या मोरासह विमानात चढू दिले नाही, ती बातमी अनेकांना आठवत असेल. अशा प्रकारांनंतर परिवहन खात्याने नियम बदलले आणि ११ जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांवर असे प्राणी स्वीकारण्याचे बंधन उरले नाही. आता त्यांना पाळीव प्राण्याचे शुल्क भरूनच नेता येते. मानसिक आजारासाठी प्रशिक्षित सर्व्हिस डॉगला मात्र इतर सर्व्हिस डॉगसारखाच दर्जा आहे. त्यासाठी कुत्र्याचे आरोग्य, वर्तन आणि प्रशिक्षण यांविषयीचा खात्याचा अर्ज भरून द्यावा लागतो, आणि तो अर्ज मोफत मिळतो.

माझ्या भाचीची गरज खरी आहे, हे इथे स्पष्ट लिहिते. ती चिंताविकारावर उपचार घेते आणि तो लहानसा कुत्रा घरात आल्यापासून तिला झोप लागते. तिला हवे होते ते एवढेच, की भाड्याच्या घरात त्याला ठेवता यावे. त्यासाठी फेअर हाउसिंग ॲक्ट हा घरांबाबतच्या भेदभावाला मनाई करणारा कायदा आहे. बहुतेक भाड्याच्या घरांना तो लागू होतो, आणि उपचार करणाऱ्या व्यक्तीने गरज असल्याचे पत्र दिले तर घरमालकाला पाळीव प्राण्यांची अनामत किंवा जादा भाडे मागता येत नाही. संचासोबत जास्तीचे पैसे भरून मिळणारे पत्र मात्र तिने कधी न पाहिलेल्या डॉक्टरच्या नावाने, प्रश्नावली भरल्यानंतर चोवीस तासांत येणार होते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून असे पत्र देणाऱ्याचा रुग्णाशी निदान ३० दिवसांचा संबंध असावा लागतो आणि त्याने रीतसर तपासणी केलेली असावी लागते. त्याच कायद्यानुसार असे जॅकेट किंवा प्रमाणपत्र विकणाऱ्याने, या वस्तूंमुळे इमोशनल सपोर्ट कुत्र्याला सर्व्हिस डॉगचे हक्क मिळत नाहीत, अशी सूचना किमान १२ पॉइंटच्या ठळक अक्षरांत द्यायची आहे. आमच्या पावतीवर ती तळाशी फिकट राखाडी रंगात, चष्मा लावूनही वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत होती. आपला कुत्रा सर्व्हिस डॉग आहे अशी जाणूनबुजून फसवणूक केली, तर या राज्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. याचा उल्लेख खोक्यातल्या एकाही कागदावर नाही.

भाचीला तिच्या नेहमीच्या समुपदेशकाने विचारल्याबरोबर पत्र लिहून दिले, त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत, आणि घरमालकाने ते मान्य केले. बाहेर जेवायला जाताना ती आधी फोन करून अंगणातल्या टेबलांपाशी कुत्रा चालेल का हे विचारते. मालकाची तयारी असेल तर राज्याच्या नियमांनुसार त्याला तशी परवानगी देता येते, आणि बऱ्याच ठिकाणी होकार मिळतो.

हा संच कोणीही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. प्रशिक्षित कुत्रा असलेल्यांना जॅकेट हवेच असेल तर ते प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात सुटे, कमी पैशांत मिळते. पाचपैकी एक तारा देत आहे, तो जॅकेटच्या कापडासाठी आणि शिलाईसाठी. आम्ही सर्व वस्तू परत पाठवल्या. कंपनीने जॅकेटचे पैसे परत केले; ओळखपत्र आणि प्रमाणपत्रावर नाव छापलेले असल्याचे कारण देऊन त्यांचे पैसे ठेवून घेतले.