एन्झाइमवाला स्प्रे: सात महिन्यांनंतर

बंड्या आमच्याकडे आला तेव्हाच चार वर्षांचा होता. देशी कुत्रा, स्वभावाने गरीब, खोड एकच: दिवाणाचा पाय आणि चपलांचं कपाट दिसलं की तंगडी वर. खाली अर्धा तास फिरवून आणावा, तर हा घरात येऊन मोकळा होणार.

लघवीचा वास मुळापासून घालवणारा हा एन्झाइमवाला स्प्रे (एन्झाइम म्हणजे वास येणारे घटक तोडणारी प्रथिनं) घेण्याआधी बंड्याच्या लघवीची तपासणी करून घेतली, कारण मोठा कुत्रा घरात करायला लागला की मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असलं काही नाही ना, हे डॉक्टर आधी बघतात. बंड्याचा रिपोर्ट स्वच्छ आला. म्हणजे साहेब हद्द आखत होते.

पहिला महिना स्प्रे अगदीच फुकट गेला आणि त्यात चूक माझी. सासूबाईंच्या शिस्तीप्रमाणे आधी फिनेलचा पोछा, मग स्प्रेचे दोन फवारे, लगेच फडक्याने कोरडं. डबा नीट वाचल्यावर कळलं की दुसरं कुठलंही रसायन आधी लावलं तर एन्झाइम निकामी होऊ शकतात, आणि त्यांना ओलं राहून काम करायला वेळ लागतो. तेव्हापासून नुसतं पाण्याने पुसते, जागा चिंब होईपर्यंत स्प्रे मारते, वर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं विसरून जाते. दिवाणाच्या गादीला रात्रभर ठेवावं लागलं, तेही तीनदा. फरशीच्या सांध्यांतला वास मात्र पहिल्या पावसात पुन्हा उठला. तिथे मुरलेलं फवाऱ्याने निघत नाही, ओतावंच लागतं. त्यामुळे बाटलीपेक्षा मोठा कॅन परवडतो.

डाग शोधायला जांभळ्या उजेडाची टॉर्चही मागवली. रात्री दिवे घालवून लावली आणि पस्तावले. अर्धी भिंत चमकायला लागली! त्यातले बरेच डाग साबणाच्या पावडरचे निघाले. तीही त्या उजेडात चमकते. शेवटी वाकून नाकाने हुंगणंच खरं.

आता मुद्द्याचं. स्प्रेने वास जातो, सवय जात नाही. सवयीसाठी दोन महिने बंड्या माझ्या कमरेला दोरीने बांधलेला असायचा. मी पोळ्या लाटतेय आणि हा पायाशी. उठल्यावर, जेवल्यावर, झोपण्याआधी खाली न्यायचं, आणि तिथे केलं की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा तुकडा. वर येऊन दिला तर त्याला वाटतं लिफ्टमध्ये बसल्याचं बक्षीस. ओरडणं पूर्ण बंद केलं, कारण ओरडल्यावर तो दिवाणामागे लपून करायला शिकला होता. मधल्या काळात नसबंदीही झाली. त्याने प्रमाण उतरलं, थांबलं नाही. पोटाला बांधायचा पट्टा मिळतो, तो पाहुणे आले की वापरला. सासूबाई त्याला ‘बंड्याचं लंगोट’ म्हणतात.

पैसे वसूल झाले का? हो, पण जुन्या वासाने बंड्याला पुन्हा त्याच जागी बोलावणं बंद झालं तेवढ्यापुरतेच. स्प्रेचा स्वतःचा वासही काही दिव्य नाही, स्वस्त अत्तर आंबल्यासारखा येतो. एक तारा त्यासाठी कापला, अर्धा झाकणासाठी. तिसऱ्या महिन्यात ते गळायला लागलं.

गेले सात आठवडे घर कोरडं आहे. अपवाद एकच, गेल्या रविवारी भाच्याचे नवे बूट.