केसाएवढ्या लेन्ससाठी ॲक्रिलिक की हायब्रिड पॉलिमर?

जळगावच्या एमआयडीसीत चटया आणि पाइप बनवणाऱ्यांना प्लॅस्टिक शिकवावं लागत नाही. पण केसाच्या जाडीएवढी लेन्स करायची म्हटली की गणित बदलतं.

ॲक्रिलिक स्वस्त, नितळ, अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.४९. साच्यातून हजारो नग काढा. मात्र साधारण १०५ अंशांना ते मऊ पडतं. आपल्याकडच्या मे महिन्यातले ४५ अंश ते सहज सोसतं. सर्किट बोर्डाच्या सोल्डरिंगचे २५० अंश नाही.

हायब्रिड पॉलिमरचा सांगाडाच वेगळा. काचेत असते तशी सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी आणि तिला जोडलेले सेंद्रिय, म्हणजे कार्बनचे, गट. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचं ऑर्मोसर हे याच घराण्यातलं. काचपट्टीवर मधासारखा थेंब सोडायचा, वरून साचा एका कडेने अलगद टेकवायचा आणि अतिनील प्रकाशाने तो घट्ट करायचा. साचा सपाट आपटला की बुडबुडा अडकतो, लेन्स वाया. हवेतल्या ऑक्सिजनमुळे कधी उघडी कड चिकट राहते. घट्ट होताना माल थोडा आकसतो, म्हणून साचा आखतानाच तेवढी सूट धरावी लागते. ही कटकट खरी, पण सोल्डरिंगच्या उष्णतेत आकार टिकतो.

साध्या भिंगाला ॲक्रिलिक पुरे. बोर्डावर बसणाऱ्या सेन्सरच्या लेन्सला मी हायब्रिडच घेईन, महाग पडलं तरी.