लिनक्स गळी उतरवताना: ‘विंडोजसारखंच आहे’ म्हणावं की ‘हे वेगळं आहे’?

कॉलेजात, वाचनालयात किंवा ओळखीपाळखीत विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम बसवून द्यायचा बेत असेल, तर उबुंटू की मिंट, लिनक्सचा कुठला प्रकार, यावर डोकं शिणवण्याआधी समोरच्याला पहिलं वाक्य कोणतं ऐकवायचं ते ठरवा. परभणीत मी दोन वाक्यं आलटून पालटून वापरून पाहिली.

एक: ‘हे विंडोजसारखंच आहे, वर फुकट.’ दुसरं: ‘हे विंडोज नाही, पण तुमचा लॅपटॉप भंगारात जाणार नाही.’

पहिल्यानं माणूस पटकन तयार होतो हे खरं. मिंटचा सिनॅमन नावाचा डेस्कटॉप समोर ठेवला की खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू. घाबरायला काही उरत नाही. ‘फुकट’ला मात्र आपल्याकडं भाव नाही. विंडोज तरी कुणी विकत घेतलंय? दुकानवाला दोन-तीनशे रुपयांत ‘विंडोज मारून’ देतो, संपलं. इंग्रजीत फुकट आणि मुक्त दोन्हीला ‘फ्री’ हा एकच शब्द, म्हणून 1983 साली ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर झाल्यापासून तिकडं खुलासे चालू आहेत. आपल्याकडं ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ वेगवेगळे, म्हणून मी मोठ्या उत्साहानं फरक समजावायला जायचो. गिऱ्हाईक तोवर मोबाइल काढायचं.

तरीही मी हे वाक्य बरेच दिवस धरून होतो. ते सुटलं एका सेटअप फाइलीपायी. टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका पोराला मिंट बसवून दिलं. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप बगलेत मारून दारात हजर. पेन ड्राइव्हवर क्लासवाल्यांनी दिलेली डॉट-ईएक्सई, म्हणजे विंडोजसाठीची प्रोग्रॅम फाइल. ‘सर, तुम्हीच म्हणले ना विंडोजसारखंच आहे? मग हे कामून चालंना?’ मी वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचं सॉफ्टवेअर, टाकून पाहिलं, खिडकी उघडली, अक्षरांच्या जागी चौकोन. कृतिदेव हा देवनागरी फाँट टाकला, अक्षरं दिसली, पण सराव सुरू केला की प्रोग्रॅम बंद. दोन तास गेले. शेवटी पोरगं नम्रपणे म्हणालं, ‘राहू द्या सर, विंडोजच मारून द्या.’ चूक त्याची नव्हती, मिंटचीही नव्हती. ‘सारखंच’ म्हणालो मी, आणि त्यानं ते खरं मानलं. असे आणखी तिघं-चौघं आले. प्रत्येकाच्या हातात ईएक्सई.

दुसरं वाक्य सुरुवातीला जड जातं. ‘विंडोज नाही’ म्हटल्याबरोबर निम्मे लोक उठतात. जे बसतात, ते मात्र टिकतात, निदान माझा अनुभव तरी तसा. शिवाय वेळही बरी आहे: विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हे सुरक्षेचं हार्डवेअर लागतं, जे जुन्या मशीनमध्ये बहुधा नसतंच. एका कृषी सेवा केंद्रात चार जीबी रॅमचा, साध्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप होता. चालू केला की मालक चहा सांगायचे. पेन ड्राइव्हवरून मिंटचा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप चालवला, आत काही न पुसता. ब्राउझर उघडला, मोबाइलचं नेट जोडलं, बियाण्यांच्या दराची शीट लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये दाखवली. मालक एवढंच म्हणाले, ‘माझी शीट तीच आहे ना? मग टाका.’ मुक्त-मोफतचा विषयसुद्धा निघाला नाही.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या पोरांना यातलं कुठलंच वाक्य लागत नाही, ती स्वतःच विचारत येतात. त्यांना उबुंटू द्या, खुशाल. उलट सरकारी दाखल्यांचं सेवा केंद्र चालवणाऱ्याला आग्रह करू नका. त्याच्या अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर बऱ्याचदा विंडोजपुरताच असतो. तुमच्या गावात पहिलं वाक्य जास्त चालेलही, मी नाही म्हणत नाही. मी मात्र आता ‘हे विंडोज नाही’ यानंच तोंड उघडतो, आणि दुसरा प्रश्न ‘प्रिंटर कोणता आहे?’ हा विचारतो. एकदा विचारायचा राहिला होता. ते मशीन परत आणायला मानवतला जावं लागलं, तेही आपल्या खर्चानं.