२४ युरोचं दहापट भिंग आणि बर्फावरचा ‘कोळी’

फिनलंडमध्ये ओउलूला राहतो. हे भिंग घेतलं ते एका माशीपायी. जानेवारीत स्कीच्या वाटेवर लेक ओरडली, “बाबा, बर्फावर कोळी!” पाचेक मिलिमीटरचा तपकिरी जीव, उणे तीन तापमानात आरामात चालला होता. मोबाईलच्या फोटोत नुसतं पाय फुटलेलं जिरं.

भिंग आलं आणि पुढचा ‘कोळी’ सापडला तेव्हा पाय मोजले. सहा! पंख नाहीत, पण इतर माश्यांना मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारख्या दोन गुंड्या असतात, त्या मात्र शाबूत. म्हणजे ही माशीच, किओनिया. स्वीडनच्या डालमान या कीटकशास्त्रज्ञानं १८१६ साली ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, नोंदवली. ग्रीकमध्ये ‘किऑन’ म्हणजे बर्फ. त्यानं वर्णन केलेल्या जातीच्या नावाचा अर्थच ‘कोळ्यासारखी’, तेव्हा लेकीला हसायचं कारण नव्हतं.

नंतर एक पाच पायांची दिसली. मला वाटलं, माझ्याच बोटानं मोडला. पण गोठू लागलेला पाय ही माशी स्वतःच तोडून टाकते, बर्फ उरलेल्या अंगात शिरायच्या आत. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे दाखवलं. भिंग नसतं तर पाय कमी आहे हेही कळलं नसतं.

आता तक्रारी. माशी भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर लागते, म्हणजे बर्फात पालथं पडा. येणारेजाणारे थांबून विचारपूस करतात. बाहेरच्या खिशात ठेवलं की काच गार पडते आणि डोळ्याजवळ नेताच धुरकटते. आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचं. हातमोजे घालून झाकण उघडत नाही. आणि मादीच्या शेपटाकडची अंडी घालायची तलवार छान दिसते, पण नेमकी जात ठरवायला नराच्या मागच्या चिमट्याचे बारकावे लागतात. तिथे सूक्ष्मदर्शकच हवा. वीसपट भिंग घेऊन ही अडचण सुटेल असं वाटत असेल तर पैसे वाचवा. माशी आणखी जवळ धरावी लागते आणि दिसतो तेवढा एकच पाय.

काचा तीन जोडलेल्या आहेत, कडेलाही रंग फुटत नाहीत. गळ्यात अडकवायची दोरी सोबत येत नाही, ती आधी घ्या. माझं फेब्रुवारीत पडलेलं भिंग मेमध्ये बर्फ वितळल्यावर सापडलं. काच ठणठणीत, बिजागरी गंजलेली.